देव उठवून घेतले

चहा घ्या आधी. गार होऊ देऊ नका. मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा इंजिनिअर म्हणाल की नाही, याची मला खात्री नाही. निदान चहा तरी चांगला होता एवढं लक्षात राहू दे!

चुका कोण करत नाही? वकील चुकतात, मास्तर चुकतात. पण त्यांच्या चुका कागदावर राहतात, कुठल्यातरी कपाटात जातात. माझी चूक सिमेंटची होती. जमिनीत पुरलेली, चांगली शंभर-एक फूट लांब, आणि तिच्यावरून रोज एसटी जायची!

झालं असं. इंदापूर तालुक्यात, कळसकडे जाताना, डांबरी रस्त्याला लागून एक वस्ती आहे. चौदा-पंधरा घरं. पूर्वी मेंढरं राखणारी माणसं, आता कुणाचा ऊस, कुणाची मका, कुणी वालचंदनगरला कामाला. वस्ती साधी, माणसं चांगली, आणि त्रास एकच. दर चार-पाच वर्षांनी आमच्या खात्याची मंडळी तिथल्या रस्त्यावर नवा थर टाकायची. रस्ता वर वर जात राहिला आणि वस्ती होती तिथंच राहिली. पूर्वी पावसाचं पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या ओढ्याला जायचं. आता ते रस्त्याला अडून घरात शिरायला लागलं.

त्यातलं सगळ्यात खोलातलं घर हिरामावशींचं. मावशींचे मालक, आबा, त्यांच्या अंगावरून वारं गेलेलं. उजवी बाजू पार गेली होती. दिवसभर खाटेवर पडून असायचे. आदल्या वर्षी परतीच्या पावसात घरात गुडघ्याएवढं पाणी झालं, तेव्हा चौघांनी आबांना खाटेसकट उचललं आणि रस्त्यावर नेऊन ठेवलं. पाच तास तो माणूस ताडपत्रीखाली रस्त्याच्या कडेला पडून होता, आणि शेजारून गाड्या चिखल उडवत जात होत्या.

मी पहिल्यांदा वस्तीवर गेलो तेव्हा मावशींनी मला हे सगळं उभ्याउभ्या सांगितलं. आबा आतून ऐकत होते. मावशी म्हणाल्या, "तवापास्नं आभाळ आलं की ह्यास्नी झोप न्हाय, सायेब. दाराकडं बघत पडत्यात. माझं येवढंच म्हननं हाय, ह्यांची खाट पुन्हा उचलायला लागू ने."

मला भरून आलं. खरंच आलं. मी तिथल्या तिथं म्हणालो, "मावशी, आता आबांची खाट जागची हलणार नाही. माझा शब्द आहे."

"शबुद ऱ्हाऊ द्या. पानी घालवा."

उपाय सोपा होता. वस्तीच्या खोलगट भागात एक चेंबर बांधायचं, तिथून रस्त्याखालून सिमेंटचे नळे टाकायचे, आणि पाणी ओढ्याला सोडायचं. कुठलाही इंजिनिअर करील. फक्त उंची बरोबर धरली पाहिजे. पाणी कुणाचा हुद्दा बघत नाही, उतार बघतं.

आता उंची मोजायची तर एक पक्की जागा लागते, जी काही झालं तरी वर-खाली होणार नाही. तिच्यावरून बाकीचं सगळं मोजायचं. आमच्या भागात अशी जागा शोधणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा! मैलाच्या दगडाला उसाच्या ट्रॉल्या धडक देतात. हद्दीच्या दगडांबद्दल तर मी बोलतच नाही, आमच्याकडे ते आपले आपण चालतात!

मी वस्तीभर नजर फिरवली. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बिरोबा. शेंदूर लावलेले दोन तांदळे, म्हणजे बिनघडणीचे गोल दगड, आणि पुढं खाट मावेल एवढी सपाट दगडी पायरी. म्हटलं, सापडलं! सगळं हलेल, पण देवाला कोण हलवणार? ही युक्ती मला इतकी आवडली, की पुढे आठ दिवस बारामतीच्या ऑफिसात मी ती प्रत्येकाला चहाबरोबर ऐकवली.

एक निशाणी पुरत नाही, पडताळ्याला दुसरी लागते. ती मी शेतापलीकडच्या विजेच्या खांबावर केली. तेव्हा ऊस नुकताच तुटून गेला होता, रान मोकळं होतं, सगळं लख्ख दिसत होतं.

देवाच्या पायरीवर मोजपट्टी धरायची होती. पण तिथं पायताण चालत नव्हतं, आणि माझ्या पायात लेसचे जाड बूट. कोण सोडणार आणि कोण बांधणार? मी लांबूनच नमस्कार केला. वस्तीतले जाणते तात्या होते, ते पुढं झाले. "आना ती पट्टी हिकडं, मी धरतो." अनवाणी पायांनी गेले आणि पायरीवर पट्टी धरून असे ताठ उभे राहिले, की काही विचारू नका. मी साठ-सत्तर पावलांवर, दुर्बिणीला डोळा लावून. देवाच्या पायरीचं माप घेतलं, मग मावशींच्या उंबऱ्याचं घेतलं, आणि आकडा बघून माझ्या तोंडून आपसूक निघालं, "खाली आहे. फारच खाली आहे!"

सगळी वस्ती मागं उभी राहून ऐकत होती. ही निशाणी आहे, हिला हात लावू नका, असं एका शब्दानं तरी मी कुणाला सांगितलं का? नाही. देवाला हात लावू नका हे मी कोण सांगणार, असा माझा विचार.

मंजुरी यायला भाद्रपद उजाडला. यंत्र आणायचं म्हणतोय तोवर घट बसले. तात्यांचा फोन आला, "सायेब, देव बसल्यात. देव उठोस्तर हितं कुदळ लावायची न्हाय." मी म्हटलं, बरोबर आहे. नऊ दिवसांनी काय फरक पडतोय?

दसरा झाला आणि मीच फोन लावला.

"तात्या, उठले का देव?"

"व्हय तर! कालच उठवून घेतल्यात!" तात्यांचा आवाज खुशीत होता. "सगळी वस्ती झटली सायेब. घाम निघाला येकेकाचा!"

मी डोळ्यांसमोर आणलं. ढोल, भंडारा, गजीचा नाच. माणसं घामाघूम होणारच की!

"छान झालं तात्या. म्हणजे आता कामाला हरकत नाही?"

"आता कसली हरकत? तुमच्या मनासारखं झालं न्हवं?"

माझ्या मनासारखं? नवरात्र संपणं यात माझ्या मनाचा काय संबंध, असा एक प्रश्न मला पडला खरा. पण सरकारी माणसाला फोनवर पडलेले प्रश्न फोन ठेवला की संपतात.

दोन दिवसांनी आम्ही खोदकामाला गेलो. लिंबाखाली सगळं झकपक. तांदळ्यांना नवा शेंदूर, पायरी पिवळी रंगवलेली, सभोवती ताजा मुरूम पसरलेला. बूट काढायचा कंटाळा होताच, तेव्हा पुन्हा लांबून नमस्कार, आणि पट्टी धरायला पुन्हा तात्या. खांबावरची दुसरी निशाणी बघायला गेलो, तर मध्ये दहा फुटी ऊस! पार दिसेना. म्हटलं, जाऊ दे. देव आहे ना?

काम झपाट्यानं झालं. अंदाजापेक्षा खोदाईही कमी लागली. खडक लागणार म्हणून कंत्राटदार आधीच रडत होता, तो खडक आलाच नाही. खूश झाला बिचारा. खडक का आला नाही, असं मला वाटायला हवं होतं की नाही? हवं होतं. नाही वाटलं.

चेंबर बांधून झालं तेव्हा तात्या त्याच्याभोवती दोन चकरा मारून आले. "सायेब, तोंड जरा वर न्हाय राह्यलं?"

खरं सांगतो, मलाही ते वर वाटत होतं. चांगलं पोटरीएवढं वर दिसत होतं. पण मी वाढलो वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये. वडील कारखान्यात मापं तपासायच्या कामावर. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, मापावर ठेवायचा, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी यंत्र पुन्हा लावलं. आकडा बरोबर. मग मी घसा साफ केला आणि म्हणालो, "तात्या, गाळ आत जाऊ नये म्हणून तोंड मुद्दाम वर ठेवतात."

बघा! कुठल्या पुस्तकात आहे हे? कुठल्याही नाही. तिथं उभ्याउभ्या तयार केलेलं.

"आसंल," तात्या म्हणाले. "तुमाला त्यातलं कळतं. पर मला वर दिसतंय."

"डोळ्यानं लेव्हल बघायची नसते तात्या."

उरलेला मुरूम चेंबरच्या कडेनं पसरून टाकला, म्हणजे तेवढं डोळ्यावर येणार नाही. मग चाचणी. हिरामावशींच्या हातानं नारळ फोडला आणि त्यांनीच चार हंडे पाणी चेंबरच्या तोंडात ओतलं. पाणी खळखळत रस्त्याखालून ओढ्यात पडलं. टाळ्या! पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबांना दारातून दिसावं म्हणून त्यांची खाट थोडी वळवली होती. त्यांनी डावा हात कपाळाला लावून मला नमस्कार केला. तो नमस्कार मी घेतला. आज आठवलं तरी मान खाली जाते.

आता तुम्ही म्हणाल, पाणी गेलं की! गेलं. आम्ही तोंडातच ओतलं होतं ना! खऱ्या पावसाच्या पाण्याला त्या तोंडापर्यंत चढून यावं लागेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर पाऊस आला. पहाटेपासून धरला तो सोडेना. सकाळी दहाला तात्यांचा फोन. "सायेब, या." एवढंच.

मी पोचलो तेव्हा हिरामावशींच्या अंगणात पाणीच पाणी. घरात फूटभर. चुलीपुढची भांडी तरंगत होती. आणि माझं चेंबर? त्याचं तोंड पाण्याच्या दोन बोटं वर, कोरडं ठणठणीत! शेजारी एवढं पाणी तुंबलेलं, आणि नळ्यातून ओढ्याला थेंब जात नव्हता.

मावशींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आबांच्या पायाकडची गोधडी भिजू नये म्हणून त्या ती वर खोचत होत्या. तात्या आणि दोन गडी खाटेला लागले होते, चौथा कोपरा मोकळा होता. मी तो धरला.

माणसाला खाटेसकट उचलताना त्याच्या तोंडाकडं बघू नये म्हणतात. माझा कोपरा डोक्याकडचा, बघणं भागच होतं. आबा घाबरलेले नव्हते. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते दुसरीकडं बघत होते. मला रडू आलं, पावसात कुणाला दिसलं नाही एवढंच.

"कुठं न्यायचं? रस्त्यावर?" मी विचारलं.

"रस्त्यावर कशाला? देवापाशी. तितं कोरडं हाय."

तिथं पोचलो. बूट काढा म्हणायलाही कुणाला सवड नव्हती, मीच चिखलात उपटून फेकले आणि अनवाणी वर चढलो. खाट टेकवली, ताडपत्री बांधली, आणि पहिल्यांदा त्या पायरीजवळ उभा राहिलो. पावसानं सभोवतालचा मुरूम वाहून गेला होता. पायरीखाली विटा दिसत होत्या. नव्या, लाल. मी मोजल्या. चार थर. म्हणजे सव्वा फूट.

"तात्या," मी एका विटेवर बोट ठेवलं, "ह्या विटा कधी घातल्या?"

"दसरा झाल्यावर. तुमाला फोनवर सांगितलं न्हाय का? देव उठवून घेतल्यात म्हून."

"उठवून म्हणजे... उचलून?"

"मग? पायरीसकट उचलून वर घेतलं. सगळी वस्ती झटली म्हनलं की!"

"पण का, तात्या? कुणी सांगितलं होतं?"

मी थट्टा करतोय की काय, असं तात्यांना वाटलं असावं. "आवो तुमीच! त्या दुर्बिणीत डोळा घालून म्हनला न्हाय का, खाली हाय, फारच खाली हाय? येवढा मोटा इंजिनेर देवाचं माप काढून सांगतुय, म्हंजी खोटं का आसंल? मागल्या टायमाला देवाच्या पायाला पानी लागलंच हुतं. वस्तीनं इचार केला, सायबांचं काम व्हईल तवा व्हईल, आपला देव तरी वर घेऊ."

आलं ध्यानात? माझी पक्की निशाणी सव्वा फूट वर गेली, म्हणून चेंबरचं तोंड सव्वा फूट वर गेलं, म्हणून पाणी मावशींच्या घरात. आणि ती निशाणी हलवायला मीच सांगितलं होतं! त्या दिवशी त्या वस्तीत बांधकाम एकच बरोबर होतं. चार थर विटांचं, नकाशा नाही, यंत्र नाही. आबा त्याच्यावर कोरडे झोपले होते.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती लोणी भापकरची, खेड्यात वाढलेली. तिनं डोक्याला हात लावला. "अहो, देव उठले म्हणजे नवरात्र संपलं. पण उठवून घेतले म्हणाले ना ते? घेतले म्हटल्यावर हात लावून उचललेच असणार! एवढं कळू नये?"

"मला वाटलं, नाचले म्हणून घाम निघाला."

"तुम्हाला वाटलं! आणि बूट काढून बघायला काय झालं होतं?"



मग खुलासा. तोही लिहावा लागला. 'संदर्भ बिंदू स्थानिक धार्मिक कारणास्तव विस्थापित झाल्याने' अशी सुरुवात केली. आमच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "सोप्या मराठीत सांगा."

सोप्या मराठीत सांगितलं. ते खिडकीकडं वळले. खांदे हलत होते. मग गंभीर होऊन म्हणाले, "हा कागद मी वर पाठवला, तर वरची माणसं देवाला दोष देतील. त्यापेक्षा तुम्ही तुमचा घ्या." घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, पडताळणी केली नाही. तीन शब्द. खरं म्हणजे तेवढेच पहिल्यापासून लिहायला हवे होते.

उन्हाळ्याच्या आत सगळे नळे उखडले आणि सव्वा फूट खाली बसवले. खडक लागला, कंत्राटदार रडला. मी या वेळी तीन निशाण्या केल्या आणि प्रत्येक माप तीनदा घेतलं. वस्तीतल्या माणसांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. उलट दुपारी भाकरी द्यायचे, ठेचा द्यायचे. न बोलणारी माणसं फार त्रास देतात बघा. हिरामावशी रोज येऊन खड्ड्यात डोकवायच्या आणि परत जायच्या.

पुढच्या वर्षी भाद्रपदात तसाच पाऊस आला. सकाळपासून धरलेला. मला ऑफिसात बसवेना. तात्यांना फोन केला, म्हटलं, "मी निघालोय, तासाभरात पोचतो." गाडी हाणत गेलो. सगळ्या वाटेत आबांचं ते दुसरीकडं बघणं डोळ्यांपुढं.

उतरलो आणि आधी चेंबरकडं पळालो. पाणी गरगरत तोंडात शिरत होतं! चारी बाजूंनी येत होतं आणि आत जात होतं. रस्ता ओलांडून ओढ्याकडं गेलो, तर नळ्यातून ही मोठी धार. मी भर पावसात एकटा उभा राहून हसलो. तसाच हिरामावशींच्या घराकडं धावलो. अंगण ओलं, पण उंबऱ्याच्या आत टिपूस नाही. सारवलेली जमीन कोरडी, चूल पेटलेली.

पण आबांची खाट नव्हती!

काही बरंवाईट? मी तसाच लिंबाकडं पळालो. तिथं ताडपत्री बांधलेली, खाली खाट, आणि खाटेवर आबा, उशीला टेकून डाव्या हातानं बशीतला चहा पीत होते. शेजारी मावशी बसलेल्या, अगदी निवांत.

"मावशी!" मला धाप लागली होती. "घर कोरडं आहे! मी आत्ता बघून आलो. पाणी आलंच नाही!"

"न्हायच आलं. समदं गेलं वड्याला. झ्याक काम झालंय."

"मग खाट का हलवली?"

मावशींनी आबांकडं बघितलं, आबांनी तात्यांकडं. तात्या आभाळाकडं बघायला लागले. शेवटी मावशीच पदर सावरत म्हणाल्या, "पावसाला न्हाय भ्यालो, सायेब. पर तात्यानं सांगितलं, तुमी निघालाय म्हून. मग म्हनलं, आधीच हलीवल्याली बरी."